दुखवट्याच्या वर्षातले मुकुट

परिषदेच्या आधीच्या आठवड्यात भाऊजींनी दुकानातले सगळे मुकुट रंगवून काढले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. रंग वाळल्यावर त्यांनी फोन करून मला बोलावलं. मी गेले. बेंगळुरूच्या चिकपेटमधल्या आमच्या गल्लीत खाली बॅगांचं होलसेल दुकान आहे आणि त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्याने वर गेलं की आमचं. जिन्यातच थिनरचा वास येत होता. वर भिंतीभर मुकुट टांगलेले होते, सगळे एकाच पिवळ्याधमक सोनेरी रंगाचे.

"कसं?" भाऊजी म्हणाले.

"छान," मी म्हणाले.

त्या महिन्यांत मी सगळ्याला छानच म्हणत असे. छान आणि चालेल, एवढ्यावर माझं भागत होतं. भाऊजींना ते माहीत होतं, तरी त्यांना बरं वाटलं. त्यांच्या बोटांची नखंसुद्धा सोनेरी झाली होती.

आमचं दुकान नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं. राजांचे जरीचे अंगरखे, देवांचे पितांबर, गदा, बाहुबंद, लाकडी तलवारी आणि मुकुट. माझे आजेसासरे शिंपी होते, त्यांनी ते काढलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, असं तेव्हापासून चालत आलेलं. इकडे गावोगाव साधी माणसं वर्षातून एकदा पौराणिक नाटक बसवतात. बेंगळुरूतही बसवतात. बाजारातले हमाल, कारखान्यातले कामगार, रिक्षावाले महिनोन्महिने तालीम करतात आणि एका रात्रीपुरते राजे होतात. आमची गिऱ्हाइकं तीच.

मुकुट आमच्याकडून एकटा कधी बाहेर जात नाही. ही दुकानाची रीत आहे. दुकानाचा माणूस बरोबर जातो, नटाच्या डोक्यावर तो स्वतः बांधतो, नाटक संपेपर्यंत पडद्यामागे बसून राहतो आणि नंतर सोडवून परत आणतो. मुकुट हलक्या लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे असतात, वर काचा आणि बेगड. नीट बांधला नाही तर राजा मान वळवतो आणि मुकुट आहे तिथेच राहतो. बांधण्याचं काम माझ्या नवऱ्याचं. भाऊजी दुकान बघायचे, येणारं-जाणारं मोजून घ्यायचे. नवरा नाटकांना जायचा.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणत आले, पण मनात तो 'तो'च होता. इथे तसंच लिहिते.

आषाढात तो गेला. सकाळी दाढी करायला बसला होता. त्यापुढचं मला सविस्तर आठवत नाही. कोणी काय केलं, कोण कुठून आलं, हे लोकांनी मला नंतर सांगितलं आणि मी ते पुस्तकात वाचल्यासारखं लक्षात ठेवलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, नुकतीच निवृत्त झाले होते. वाचायला वेळ मिळेल म्हणून पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती. ती उघडायचे, पान वाचायचे आणि पुन्हा तेच पान वाचायचे.

तो गेल्यापासून दुकानात एकही मागणी आली नव्हती. आधी पाऊसच होता, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा महिना आला. त्या महिन्यात एरवी फोन ठेवायला फुरसत नसते. यंदा फोन वाजलाच नाही. भाऊजी रोज दुकान उघडत, उदबत्ती लावत, पेपर वाचत आणि संध्याकाळी बंद करत. खालच्या बॅगवाल्याला वरची जागा गोदामासाठी हवी होती. तो दोनदा वर येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा भाऊजींनी त्याला संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितलं.

"लोक त्याच्याकडे यायचे, वहिनी," भाऊजी मला म्हणाले. "दुकानाकडे नाही. आता अण्णाच नाही तर कोण येतंय. ती परिषद जमली तर दुकान राहतं. नाही तर संक्रांतीला किल्ली देऊन मोकळा होतो."

"चालेल," मी म्हणाले. काय चालेल ते मीही विचारलं नाही आणि त्यांनीही.

परिषदेबद्दल सांगायला हवं. कला आणि संस्कृती यांच्या आधाराने आपापल्या गावचा रोजगार कसा उभा करायचा, या एकाच विषयावर जगभरची माणसं दर वर्षी वेगळ्या देशात जमतात. मातीची भांडी करणारं गाव, घंटा ओतणारं गाव, बाहुल्यांचं गाव, अशा गावांची माणसं, आणि त्यांच्याविषयी अभ्यास करणारी माणसं. हे जमवणाऱ्यांत एक पुण्याची मुलगी आहे. इथे आयटीतल्या नोकरीसाठी आली आणि ती सोडून यात पडली. मराठी नाटकवाला शोधत ती आमच्या जिन्यावर पोचली आणि नवऱ्याशी तिचं जमलं. तिनेच त्याला एकदा अशा परिषदेला पोर्तुगालमधल्या एका कोळ्यांच्या गावी नेलं. विमानात त्याने मुकुट मांडीवर घेऊन प्रवास केला, सामानात टाकायला तयारच झाला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, हे काय आहे, तर म्हणाला, टोपी.

परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणतात तिकडचे लोक?

"आपलंच म्हणतात गं," तो म्हणाला. "पोरं धंद्यात येत नाहीत म्हणतात, जागा महाग झाल्या म्हणतात. आणि कॉफी एवढीशी देतात, औषधासारखी."

यंदाची परिषद बेंगळुरूत होती, हेब्बाळच्या एका मोठ्या हॉटेलात. शहरातल्या तीन जुन्या जागा ते निवडणार होते. निवडलेल्या जागी पुढची काही वर्षं पाहुणे येणार, शिबिरं होणार, दुरुस्तीला हातभार लागणार. नवरा तिथे बोलणार हे तो असतानाच ठरलं होतं. तो गेल्यावर पुण्याची मुलगी घरी येऊन बसली.  मग म्हणाली, "काकू, तुम्ही बोलाल का? फक्त पाच मिनिटं. काकांची स्टोरी सांगा. लोक कनेक्ट होतील."

मी छान म्हणाले असणार, कारण नंतर कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव होतं.

परिषदेच्या आदल्या दिवशी ती मुलगी दुकान दाखवायला पोर्तुगालच्या बाईंना घेऊन आली. त्याच कोळ्यांच्या गावच्या, तिथली परिषद त्यांनीच भरवली होती. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्या निवड समितीवरही होत्या. जिना चढून त्या दारात आल्या आणि थांबल्या. मुलगी त्यांच्या मागून आली आणि तीही थांबली.

"काका," ती म्हणाली, "आपलं बोलणं झालं होतं ना, जसं आहे तसं ठेवा म्हणून?"

"तसंच आहे की," भाऊजी म्हणाले. "धूळ तेवढी काढली. आणि स्वल्प रंग दिला."

"स्वल्प?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर घराला चुना लावतात की नाही? अण्णा दर वर्षी रंगवायचा. मोठं नाटक असलं की आधी रंग. दिव्याखाली चमकलं नाही तर मागच्या रांगेतला म्हणतो, राजा भिकारी आहे."

मुलीने डोळे मिटून घेतले आणि उघडले. पोर्तुगालच्या बाई भिंतीजवळून हळूहळू चालल्या. प्रत्येक मुकुटापुढे थांबल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या नवऱ्याने आमच्याकडे आणलेला यातला कुठला?

मी बघितलं. मलाही ओळखता येईना. आधी आला असता. त्याच्या एका बाजूची काच फुटलेली होती आणि आत माझ्या हिरव्या साडीचं अस्तर होतं. नवरा मुकुटांना आतून जुन्या सुती साड्यांची अस्तरं लावायचा, नव्या कापडाने कपाळ सोलतं म्हणून. माझ्या कितीतरी साड्या अशा राजांच्या डोक्यांवर गेल्या. आता मी एक एक मुकुट उलटा करून पाहिला. सगळ्यांच्या आत लाल मखमल होती आणि मखमलीखाली फोम.

"अस्तर पण बदललंत?" मी भाऊजींना विचारलं.

"घाण झाली होती, वहिनी. घामाची. विदेशी बायका हात लावणार."

काढलेली अस्तरं दाराशी सिमेंटच्या गोणीत भरून ठेवली होती. वरच हिरवी साडी होती, बारीक फुलांची. ती मी कॉलेजात खूप नेसले. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं की कचऱ्याची गाडी सकाळी लवकर येते, गोणी आजच खाली नेऊन ठेवायला हवी. तेवढंच आलं. आणखी काही येतंय का म्हणून मी जरा उभी राहिले, पण आलं नाही.

"ओळखता येत नाही," मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हाताला स्पर्श केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जाताना मुलगी भाऊजींना म्हणाली, "काका, त्यांना जुनं बघायचं असतं. जुनेपणालाच व्हॅल्यू असते हो. आता उद्या मी काय सांगू?"

"जुनं पाहिजे?" भाऊजी म्हणाले. "मग आधी सांगायचं. जुनं करून देतो. विशीतल्या पोराला म्हातारा करणारी माणसं आपण, मुकुटाचं काय घेऊन बसलात."

मुलीला वाटलं ते चिडून बोलत आहेत. ती गेल्यावर भाऊजींनी बुटाचं तपकिरी पॉलिश आणि चिंधी घेतली आणि हॉटेलात न्यायच्या दोन मुकुटांना चोळायला बसले. कोपऱ्यांत काजळी भरली. एका ठिकाणी नखाने रंग उडवला, लांब धरून बघितलं आणि अजून थोडा उडवला. काम चांगलं झालं होतं, हे मला कळत होतं. मी छान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीने हेब्बाळला गेलो. भाऊजी पुढे बसले, मी मागे, माझ्या दोन्ही बाजूंना दोन मुकुट टॉवेलात गुंडाळून. हॉटेलच्या सभागृहात थंडी होती. मोठ्या काचेतून तलाव दिसत होता, आणि त्याच्यापलीकडे आवाज न करता धावणाऱ्या गाड्या. माझ्या आधी कोणी एक गृहस्थ घंटांच्या गावाबद्दल बोलले. मग टेबलावर आमचे मुकुट ठेवले गेले आणि मला बोलावलं.

मी लिहून नेलं होतं. इंग्रजीत, कारण तिथे सगळं इंग्रजीत चाललं होतं. दुकान कोणी काढलं, मुकुट कशाचे असतात, नवरा काय करायचा. माझा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता, ग्रंथालयात नियम वाचून दाखवायची तसा. भाऊजी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटच्या ओळी झाल्यावर प्रश्न विचारायला सांगितलं गेलं. समितीतल्या एका चष्मेवाल्याने टेबलाजवळ येऊन मुकुट वाकून बघितला आणि विचारलं, हा शेवटचा कधी रंगवला?

पुण्याच्या मुलीने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. तिला काय सुचवायचं होतं ते मला समजलं. पण प्रश्न सोपा होता आणि उत्तर मला माहीत होतं.

"सोनेरी गेल्या आठवड्यात," मी म्हणाले. "तपकिरी काल. बुटाच्या पॉलिशने."

सगळं सभागृह हसलं. मी का हसतात ते बघत उभी राहिले. भाऊजींना इंग्रजी फारसं येत नाही, पण पॉलिश हा शब्द त्यांना कळला. ते आपल्या नखांकडे बघू लागले. मग मला वाटलं, अर्धंच सांगितलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून सांगितलं की आमच्या धंद्यात मुकुट नाटकाआधी रंगवतातच, न रंगवलेला कोणी नेत नाही, आणि पॉलिश तुमच्यासाठी लावलं कारण तुम्हाला जुनं आवडतं असं कळलं. पुन्हा हसले, या वेळी थोडे.

पोर्तुगालच्या बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, आता ते कोण भाड्याने नेतं?

"कोणी नाही," मी म्हणाले. "माझा नवरा गेल्यापासून कोणी आलेलं नाही."

"का?"

"मला माहीत नाही. तो बांधायचा म्हणून येत असतील."

तेव्हा मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यशवंतपूरच्या बाजारातल्या हमालांचं नाटक बसवणारे मेष्ट्रु उठून उभे होते. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. नाटक बसवणाऱ्याला इकडे तसंच म्हणतात. साठीचे, खांद्यावर पंचा, कपाळाला विभूती. त्या संध्याकाळी परिषदेत त्यांची मंडळी नाटकातली पदं म्हणणार होती, पेटी घेऊन, साध्या कपड्यांत. वेष का नाही, हे मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं "यंदा नको" म्हटलं होतं. तिला वाटलं, पैशांचा प्रश्न असेल.

मेष्ट्रुंना इंग्रजी समजत होतं, पण ते कन्नडमध्ये बोलले, आणि सरळ माझ्याशीच.

"अक्का, असं कसं म्हणता? बांधणारा काय दुसरा कोणी मिळत नाही? तुमच्या घरचं वर्ष व्हायचंय म्हणून थांबलोय आम्ही. तालीम अर्ध्यावर आहे. पोरं रोज विचारतात. पण दुखवट्याच्या दारात नारळ घेऊन कसं यायचं?"

आम्हा तिघांना सोडून सभागृहात ते कोणालाच कळलं नाही. नाटकवाले हंगामाचा पहिला मुकुट न्यायला येतात तेव्हा नारळ, हार, पेढे घेऊन येतात, कधी सनई-वाजंत्री सुद्धा. मंगलकार्यच असतं ते. ज्या घरातला माणूस वर्षभरात गेलाय त्याच्या दारात कोणी असं येत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. भाऊजींनाही. दिवाळीत आम्ही आकाशकंदील लावला नाही, शेजाऱ्यांनी फराळाचं ताट आमच्याकडे आणून दिलं. तरी न वाजणारा फोन आणि हे, यांची गाठ आमच्यापैकी कोणालाच घालता आली नव्हती.

भाऊजी उठले. "अरे मेष्ट्रे, एक फोन करायचा होता."

"फोनवर विचारायची गोष्ट आहे का ती?"

"मग माणूस पाठवायचा."

"पाठवून काय विचारू? बाबांनो, तुमचं रडणं झालं का, म्हणून? तुम्ही तरी कुठे केला फोन?"

"मी कसा करणार? घरात दुखवटा, आणि मी धंद्याचा फोन करू? तुम्हीच म्हणाला असता, भाऊ जाऊन महिने झाले नाहीत आणि याला गिऱ्हाईक पाहिजे."

"म्हणालो असतो," मेष्ट्रु म्हणाले.

"मग झालं तर."

"झालं म्हणजे काय झालं? इतके महिने आम्ही तुमच्यासाठी थांबलो, तुम्ही आमच्यासाठी थांबलात. आणि आता तुम्ही इथे बूटपॉलिश लावताय."

भाऊजी खाली बसले आणि पुन्हा उभे राहिले. सगळे पाहुणे एकदा पहिल्या रांगेकडे, एकदा मागच्या रांगेकडे बघत होते. अध्यक्षांनी मला विचारलं, काय चाललंय ते सांगाल का? दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. मी माइक जवळ घेतला आणि इंग्रजीत सांगितलं की हे गृहस्थ म्हणतात, आमच्याकडे मृत्यू झाला म्हणून ते मुकुट मागायला आले नाहीत, वर्ष संपायची वाट बघत आहेत. आणि माझे दीर म्हणतात, आमच्याकडे मृत्यू झाला म्हणून त्यांनी कोणाला बोलावलं नाही.

बोलताना ते दुसऱ्याच कोणाच्या घरचं वाटत होतं. चष्मेवाल्याने काहीतरी टिपून घेतलं. पोर्तुगालच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

मेष्ट्रु अजून उभेच होते. "तुम्ही सांगा, अक्का," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात तर नेतो. नाही म्हणालात तर थांबतो. घाई नाही. आमचा राजा अजून पद चुकतोय."

भाऊजीही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर संक्रांत दिसत होती. मला कळलं की दुकान आता या समितीच्या हातात राहिलेलं नाही, माझ्या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द छान किंवा चालेल असा नसला पाहिजे. मी खरोखर विचार केला. वर्ष पुरं व्हायच्या आत नारळ आला तर मला काही वाटेल का, हे मी आत बघितलं. नको म्हणणारं कोणी नव्हतं. हो म्हणणारंही कोणी नव्हतं. समोर काचेतून तलावावरची हिरवी जलपर्णी दिसत होती, काठापासून काठापर्यंत. नवऱ्याने काय म्हटलं असतं, हा प्रश्न लोक मला फार विचारत आणि मला तो आवडत नसे. त्याने काहीही म्हटलं असतं. तो नव्हता.

"न्या," मी म्हणाले.

"नारळ आणू?"

"आणा. सगळं आणा. वाजंत्री मात्र नको, जिना अरुंद आहे."

मेष्ट्रुंनी पंचा दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि बसले. पुण्याची मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, म्हणजे नक्की काय ठरलं?"

"ते मुकुट नेणार आहेत," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मंडळींनी पदं म्हटली. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकली. आवाज मोठे होते, बाजारात हाका मारणाऱ्यांचे.

आमची निवड झाली नाही. परिषद संपून आठवडा झाला तेव्हा पुण्याची मुलगी सांगायला दुकानात आली. निवडलेली जागा वर्षभर रोज लोकांना बघायला उघडी हवी आणि वस्तू मूळ रूपात हव्यात, असा त्यांचा नियम होता. मूळ रूप हे शब्द ती अवघडून बोलली. पोर्तुगालच्या बाईंनी आमच्या बाजूने बरंच सांगून पाहिलं, असंही म्हणाली.

"सरी," भाऊजी कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे. ते तिच्यासाठी कॉफी मागवत होते. "पुढच्या खेपेला येताना आधी सांगा, कुठला रंग पाहिजे ते."

"काका, तुम्ही रागावला नाही ना?"

"रागावून काय? बॅगवाल्याला कालच सांगितलं, दुसरीकडे गोदाम बघ म्हणून. आता त्याच्या रागाचं बघू की तुमच्या?"

ती हसली आणि मग रडायला लागली. तिला नवऱ्याची आठवण आली असावी. मी तिला पाणी दिलं आणि ती थांबेपर्यंत शेजारी बसले. मला तिचा हेवा वाटला, हे मी इथे लिहून ठेवते.

तालीम पुरी झाल्यावर मेष्ट्रु चांगला दिवस बघून दुपारी आले. बरोबर बाजारातले सहा-सात जण, हार, नारळ, पेढ्यांचा पुडा. इतकी माणसं दुकानात एकदम मावेनात, तेव्हा निम्मी जिन्यात उभी राहिली. भाऊजींनी उंबऱ्याशी नारळ फोडला. एका तुकड्याला कोंब आलेला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग राजा होणाऱ्या माणसाला स्टुलावर बसवलं. तो कांद्याची पोती वाहणारा, मानेने जाड, वयाने चाळिशीचा. भाऊजींनी आयुष्यात कधी मुकुट बांधला नव्हता. मोजून दिले होते, मोजून घेतले होते. त्यांनी तो डोक्यावर ठेवला, नाडी मागे ओढली, गाठ मारली.

"मान हलव," ते म्हणाले.

माणसाने मान हलवली. मुकुट कानावर आला.

"अण्णा, राज्य चाललं," जिन्यातून कोणीतरी भाऊजींना म्हणालं.

"गप्प बसा रे. पहिलाच आहे."

"अण्णा, मला नाटकभर असंच वाकडं बघायला लावणार काय? शत्रूला वाटेल, मी त्याला डोळा मारतोय."

सगळे हसले. भाऊजींनी गाठ सोडली आणि पुन्हा मारली. मखमलीमुळे घसरत होता, त्यांनी ती भरभर उसवून काढली आणि राजाचाच पंचा घडी करून आत भरला. तिसऱ्या खेपेला बसला. मेष्ट्रुंनी लांबून बघून मान डोलावली. मी गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसले होते. भाऊजींनी मला "कसं?" म्हणून विचारलं नाही, आणि ते मला ठीक वाटलं. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

मग मुकुट, अंगरखे, गदा एका हातातून दुसऱ्या हातात देत जिन्यावरून खाली गेले. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. भाऊजी सगळ्यांत शेवटी निघाले. रात्री नाटक होतं, उजाडेपर्यंत ते परत येणार नव्हते. जाताना म्हणाले, "कुलूप लावून जा, वहिनी. वरची कडी जरा ढकलावी लागते."

दुकानात पेढ्यांचा आणि नारळाच्या पाण्याचा वास राहिला. मी जमीन पुसून घेतली. पुसत असतानाच फोन वाजला. दुकानातला जुना, तारेचा. कितीतरी महिन्यांनी वाजला म्हणून मला दचकायला हवं होतं, पण मी कपडा बादलीत टाकला, हात पुसले आणि उचलला.

पलीकडे कोणी अनोळखी माणूस कन्नडमध्ये बोलत होता. कुठल्याशा कारखान्यातल्या नाटकमंडळींतला. त्याने विचारलं, तुमच्याकडे सुरू झालं असं ऐकलं, खरं का?

"खरं," मी म्हणाले.

"यजमान आहेत का?"

"ते नाहीत," मी म्हणाले. "आषाढात गेले."

 मग तो म्हणाला, "माहीत आहे, अक्का. तरी विचारलं जातं. मग आता बांधायला कोण येणार?"

"त्यांचे भाऊ येतील," मी म्हणाले, आणि पेन शोधत विचारलं, "राजे किती आहेत तुमच्या नाटकात?"